घरगुती शास्त्रचर्चा : चोवीस तासांची बाटली

गेल्या महिन्याच्या टिपणांत रक्तदाबाविषयीं लिहितांना आम्हीं ओझरतें असें म्हटलें होतें कीं, बहुतेक रोग्यांच्या वाढलेल्या रक्तदाबाचें एकच एक कारण दाखवितां येत नाहीं. परंतु थोड्यांच्या बाबतींत तें बोट ठेवून दाखवितां येतें, आणि काढूनही टाकतां येतें. त्यावर एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे : "माझ्या जाऊबाईंना घाम, धडधड व डोकेदुखी यांचे झटके येतात. डॉक्टरांनीं चोवीस तासांची लघवी मोठ्या बाटलींत सांठवून आणावयास सांगितली आहे. घरांत सर्वजण हंसतात. त्या बाटलींत एवढें मोजावयाचें तरी काय असतें?"

प्रश्न उत्तम आहे. हंसण्याचा मात्र हा विषय नव्हे, हें आम्ही स्वानुभवानें सांगतों. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्नी, वयानें पन्नाशीच्या अलीकडच्या, कामास वाघ. देवघरांत फुलें वाहतां वाहतां त्या एकाएकीं पांढऱ्याफटक पडूं लागल्या. अंगाला दरदरून घाम सुटे, छाती उडूं लागे, डोकें आतां फुटेल असें होई; आणि पंधरावीस मिनिटांत सर्व ओसरून त्या पुन्हां स्वयंपाकघरांत उभ्या राहत. डॉक्टर येईपर्यंत नाडी ठीक, दाबही बहुधा ठीक. आमच्या मातोश्रींना दृष्ट लागल्याचा संशय, शेजारणींना अंगांत येण्याचा, आणि आम्हांस, पदरीं चार पुस्तकें असल्यामुळें, मनाच्या दुर्बलतेचा. आम्हीं त्यांना एकदां बसवून मन खंबीर करण्याविषयीं चांगलें अर्धा तास व्याख्यान दिलें. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, माझ्या मनांत कांहीं नसतें हो. मी फुलें मोजत असतें, आणि छातीच आपोआप धडधडूं लागते." हें वाक्य अक्षरशः खरें होतें. तें आम्हीं ऐकलें, पण मनावर घेतलें नाहीं. आणि अशीं तीन वर्षें गेलीं. त्या तीन वर्षांचें ऋण म्हणूनच आजची ही चर्चा आम्ही सविस्तर करीत आहों.

ग्रंथि व तिचें द्रव्य

आपल्या दोन मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी आहेत. वृक्क म्हणजे मूत्रपिंड. त्यावर असणारी ती अधिवृक्क ग्रंथि. इंग्रजी 'ॲड्रेनल' या शब्दाचा अर्थही मूत्रपिंडालगतची एवढाच. प्रत्येकीचें वजन अवघें चारपांच ग्रॅम. इ. स. १५६४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत यूस्टाकियस या इटालियन शारीरज्ञानें त्यांचें वर्णन केलें. पण त्यांचें कार्य काय, हें पुढें जवळजवळ तीनशें वर्षें कोणास उमगलें नाहीं. या ग्रंथीचे दोन भाग असतात : बाहेरची साल आणि आंतला मगज. आपल्या विषयाचा संबंध मगजाशीं आहे.

अंधारांत पायाखालीं कांहीं वळवळलें कीं आपण विचार करण्यापूर्वींच मागें उडी मारतों. हृदय जोरानें चालूं लागतें, त्वचेंतील रक्तवाहिन्या आंखडतात, दाब चढतो, यकृतांतील सांठविलेली साखर रक्तांत येते. हें सर्व ज्यांच्या हुकुमानें होतें तीं द्रव्यें दोन : ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिन. पहिलें मुख्यतः या मगजांतून निघतें. दुसरें मगजांतून थोडें व मज्जातंतूंच्या टोकांपासून पुष्कळ. १८९४ सालीं हॅरोगेट येथील डॉक्टर ऑलिव्हर व लंडनचे प्राध्यापक शेफर यांनीं या ग्रंथीचा अर्क प्राण्याच्या शिरेंत घालून रक्तदाब झपाट्यानें चढतो असें दाखविलें. आणि १९०१ सालीं जपानी रसायनज्ञ टाकामिने यांनीं आपले सहायक उएनाका यांच्या साह्यानें शुद्ध स्फटिकरूप ॲड्रेनॅलिन मिळविल्याचें जाहीर केलें.

या द्रव्यांच्या कुळाचें नांव 'कॅटेकोलअमाइन'. नांव परकें वाटतें, पण त्याचें माहेर आपल्या पानाच्या डब्यांत आहे. कोंकणांत खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून जो कात करितात, ज्यावरून कातकरी जमातीस तिचें नांव पडलें, त्या काताला युरोपांतील व्यापाऱ्यांनीं आपल्याकडील भाषांतल्या कातवाचक शब्दावरूनच 'कॅटेच्यू' म्हटलें. १८३९ सालीं रेन्श या जर्मन रसायनज्ञानें कातांतील द्रव्य कोरडें तापवून एक नवा पदार्थ मिळविला. त्याला 'कॅटेकोल' हें नांव मिळालें. ॲड्रेनॅलिनच्या रेणूंत हाच कॅटेकोलचा सांगाडा असतो, म्हणून कुळाचें नांव तें.

हें नातें केवळ नांवाचें नाहीं. काताला चुना लागतांच रंग लाल कां होतो? चुन्याच्या क्षारामुळें कातांतील द्रव्य हवेंतील प्राणवायूशीं चटकन संयोग पावतें व त्याचें रूप पालटतें. ॲड्रेनॅलिनचाही स्वभाव असाच : क्षारांत तें लौकर नासतें, अम्लांत टिकतें. हिरड्याच्या पाण्यांत हिराकस पडतांच काळी शाई होते, तीही लोह आणि काताच्या भाऊबंदांतील द्रव्यें यांच्या भेटीचीच करामत. १८५६ सालीं व्ह्यूल्पियां या फ्रेंच पंडितानें अधिवृक्क ग्रंथीच्या मगजाच्या रसावर लोहाचा क्षार टाकला, तेव्हां हिरवा रंग उमटला. सालीच्या रसावर उमटला नाहीं. या द्रव्याची मनुष्यास पटलेली पहिली ओळख ती. पुढील सारा इतिहास हीच ओळख अधिकाधिक सूक्ष्म करीत नेण्याचा आहे.

गांठ

कधीं कधीं या मगजांतील पेशी बेसुमार वाढून गांठ होते आणि ती गांठ कांहीं कारण नसतांना हीं द्रव्यें रक्तांत ओतूं लागते. साप नाहीं, चोर नाहीं, तरी शरीर मात्र पळण्याच्या तयारींत! डोकेदुखी, घाम व धडधड हें तिचें प्रसिद्ध त्रिकूट. कांहींचा दाब झटक्यापुरता चढतो, कांहींचा सदाच चढलेला राहतो. १८८६ सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें फ्रेंकेल यांनीं एका अठरा वर्षांच्या मुलीची हकीकत लिहून ठेविली. अशाच झटक्यांनीं ती दगावली, आणि शवच्छेदनांत दोन्ही अधिवृक्कांवर गांठी सांपडल्या. १९१२ सालीं पिक यांनीं या गांठीस 'फिओक्रोमोसायटोमा' हें नांव दिलें. क्रोमियमच्या क्षारानें तिचा रंग काळपट होतो, एवढाच त्याचा ग्रीक अर्थ. १९२६ सालीं स्वित्झर्लंडांत लोझान येथें रू यांनीं व अमेरिकेंत रॉचेस्टर येथें चार्ल्स मेयो यांनीं अशी गांठ काढून रोगी वांचविले.

म्हणजे काढतां येते हें सिद्ध झालें. परंतु पोट उघडण्यापूर्वीं ती आहे हें ओळखावें कसें? ओळखल्यावांचून शस्त्र लावणें तर भयंकर. कारण भूल देतांना किंवा हात लागतांच गांठ आपला सारा सांठा एकदम सोडते आणि रोगी टेबलावरच जाण्याचा संभव असतो. निदानाचें महत्त्व येथें जीवनमरणाचें आहे तें यामुळें.

मोजावयाचें तें किती?

आम्ही जन्मभर गणित शिकविलें, तेव्हां थोडा हिशेब करूं द्या. निरोगी माणूस शांत पडला असतां त्याच्या रक्तरसाच्या एका मिलिलिटरांत नॉरॲड्रेनॅलिन साधारण दोनतीनशें पिकोग्रॅम असतें. एका ग्रॅमाचे एकावर बारा शून्यें इतके भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. शरीरांत रक्तरस सुमारें तीन लिटर धरला, तर ३,००० गुणिले ३०० बरोबर ९,००,००० पिकोग्रॅम. म्हणजे एका मिलिग्रॅमाचा हजारावा भागही पुरा नाहीं. तांदुळाचा एक दाणा वीस मिलिग्रॅमांचा मानला, तर त्याचे वीस हजार तुकडे करून त्यांतील एकाहूनही कमी! सबंध देहांतल्या रक्तरसांत एवढें, मग नळींतल्या थोड्या रक्तांत किती असेल? व्ह्यूल्पियांचा हिरवा रंग ग्रंथीच्या रसांत दिसे. रक्तांत तो दिसणें शक्य नव्हतें.

प्रथम डॉक्टरांनीं आडमार्ग धरला. १९४५ च्या सुमारास हिस्टामिन टोंचून गांठीस मुद्दाम चेंव आणीत आणि दाब उसळतो कीं काय पाहत. बिळांत काठी घालून आंत नाग आहे कीं नाहीं हें पाहण्याचाच हा प्रकार. तो रोग्याच्या प्राणावर बेतूं शकतो म्हणून पुढें सोडून दिला गेला.

खरा मार्ग स्वीडनमध्यें निघाला. ऊल्फ फॉन ऑइलर यांनीं १९४६ सालीं मज्जातंतूंचा निरोप पोंचविणारें द्रव्य नॉरॲड्रेनॅलिनच असल्याचें दाखविलें होतें. १९५० सालीं त्यांनीं एंगेल यांच्यासह असें दाखवून दिलें कीं, गांठ असलेल्या रोग्याच्या लघवींत हीं द्रव्यें वाजवीपेक्षां पुष्कळ सांपडतात. मोजमाप त्या वेळीं प्राण्यांवर चाले. लघवीचा अर्क मांजराच्या शिरेंत घालून दाब किती चढला तें पाहत. तोच अर्क कोंबडीच्या आंतड्याच्या तुकड्यावर घालून तो किती सैल पडला तें पाहत. नॉरॲड्रेनॅलिन मांजराचा दाब चांगला चढवितें, पण कोंबडीच्या आंतड्यावर त्याचा प्रभाव थोडा. ॲड्रेनॅलिनचा तेथें मोठा. आमच्या विद्यार्थ्यांस हें लगेच कळेल : अज्ञातें दोन आणि समीकरणेंही दोन, म्हणजे उत्तर निश्चित.

प्रकाशापासून तराजूपर्यंत

पण प्रत्येक रुग्णालयानें मांजरें किती पाळावीं? रसायनज्ञांनीं दुसरी युक्ति काढली. ॲल्युमिनाची पांढरी भुकटी सौम्य क्षारांत कॅटेकोल द्रव्यांस धरून ठेवते. बाकीचें धुवून काढावें, मग अम्ल घालतांच ती त्यांस सोडते. असे निवडलेलें द्रव्य विशिष्ट रीतीनें पालटलें कीं त्यावर एका रंगाचा प्रकाश पाडतांच तें दुसऱ्या, हिरवट पिंवळ्या रंगानें चमकतें. जितकी चमक तितकें द्रव्य. १९४९ सालीं डेन्मार्कमध्यें लुंड यांनीं ही रीत बसविली व ती पुढें अनेक वर्षें चालली. दोष एवढाच कीं, चमकणारीं द्रव्यें जगांत इतरही आहेत. रोग्यानें हिंवतापासाठीं क्विनीन घेतलें असलें तरी लघवी चमके!

तेव्हां दुसरी वाट निघाली : मूळ द्रव्याऐवजीं त्याचा शेवटचा अवशेष मोजावा. १९५७ सालीं आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, शरीरांत हीं द्रव्यें मोडून शेवटीं 'व्हॅनिलिलमँडेलिक अम्ल' होतें व लघवींतून जातें. हें मूळ द्रव्यापेक्षां पुष्कळ अधिक, म्हणून मोजावयास सोपें. कित्येक वर्षें हीच परीक्षा सर्वत्र चालली, आणि तिच्यापायीं रोग्यांनीं केळीं, कॉफी, चॉकोलेट, व्हॅनिलाचें आइस्क्रीम यांचें पथ्यही केलें. कारण जुन्या साध्या रीतींना हे पदार्थ फसवीत. लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा नांवाच्या गांठीसाठीं ही परीक्षा आजही कामास येते.

१९७० नंतर यंत्रें बदललीं. अतिसूक्ष्म कणांनीं भरलेल्या नळींतून नमुना मोठ्या दाबानें ढकलला कीं निरनिराळीं द्रव्यें निरनिराळ्या वेळीं बाहेर येतात. यात्रेंत एका अरुंद दारांतून तरुण लौकर आणि वृद्ध सावकाश बाहेर पडावे तशी. बाहेर येतांच विद्युत्-अग्रावर त्यांचें ऑक्सिडीकरण होऊन किंचित् विद्युत्प्रवाह निघतो, तोच मोजावयाचा. काताला चुन्यानें लाल करणारा जो गुण, त्यालाच येथें विजेच्या तराजूंत घातलें आहे! तरी येथेंही फसगत होते. तापावरच्या साध्या पॅरासिटॅमॉलसारखें औषध वेळ साधून त्याच दारांतून बाहेर येऊं शकतें.

आज उत्तम प्रयोगशाळा नळीच्या पुढें वस्तुमानाचा तराजू ठेवितात. त्यांत रेणूस विद्युत्भार देऊन तोलतात, मग त्याचे तुकडे करून तेही तोलतात. सोंग घेणारा वजनांत एकवेळ जुळेल, पण त्याचे तुकडेही जुळणें कठीण. येथें एक सुरेख युक्ति आहे. नमुन्यांत आरंभींच त्याच द्रव्याचें एक 'जड भावंड', ज्यांत साध्या हायड्रोजनऐवजीं जड हायड्रोजन आहे, ठराविक प्रमाणांत मिसळतात. गुणधर्म तेच, वजन तेवढें वेगळें. गाळतां धुतांना जड भावंडांपैकीं निम्मीं हरवलीं असलीं, तर रोग्याच्या द्रव्यांपैकींही निम्मेंच हरवलें हें समजतें, व हिशेब पुरा करतां येतो.

राखेवरून चूल

परंतु सर्वांत मोठी सुधारणा यंत्रांत नव्हे, विचारांत झाली. गांठ द्रव्य सोडते तें बहुधा लहरीनें, आणि सोडलेलें ॲड्रेनॅलिन रक्तांत मिनिटादोन मिनिटांत अर्धें उरतें. झटका ओसरल्यावर रक्त घेतलें तर हातीं काय लागणार? डॉक्टर आमच्या घरीं पोंचेपर्यंत सर्व ठीक दिसे तें याचमुळें. १९५७ सालीं अमेरिकेंत ज्यूलियस ॲक्सेलरॉड यांनीं या द्रव्यांचें रूपांतर करणारें एक पाचकद्रव्य शोधिलें होतें. त्याच्या योगें ॲड्रेनॅलिनचें मेटॅनेफ्रिन व नॉरॲड्रेनॅलिनचें नॉरमेटॅनेफ्रिन होतें. (ॲक्सेलरॉड, फॉन ऑइलर व काट्झ यांना १९७० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.) पुढें असें दिसून आलें कीं, हें रूपांतर गांठीच्या पेशींच्या आंतच अखंड चालू असतें, गांठीनें द्रव्य बाहेर सोडो अथवा न सोडो.

पंगत केव्हां बसते व केव्हां उठते याचा नेम नाहीं. पण घरांत सारा दिवस चूल पेटते कीं नाहीं, हें पंगत न पाहतां राखेवरून सांगतां येतें. मेटॅनेफ्रिन ही ती राख. १९९५ सालीं लेंडर्स, आयसेनहोफर प्रभृतींनीं रक्तांतील मेटॅनेफ्रिन मोजण्याचा पुरस्कार केला, आणि २००२ सालीं ८५८ व्यक्तींवरील त्यांचा तपास प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं २१४ जणांस गांठ असल्याचें ठरलें होतें. शंभर गांठींपैकीं किती पकडल्या गेल्या तें पाहा : रक्तांतील मेटॅनेफ्रिननें ९९, लघवींतील निरनिराळीं मोजलेलीं मेटॅनेफ्रिनें ९७, लघवींतील मूळ द्रव्यांनीं ८६, आणि जुन्या व्हॅनिलिलमँडेलिक अम्लानें अवघ्या ६४. तेव्हांपासून पहिली परीक्षा म्हणून रक्तांतील अगर लघवींतील मेटॅनेफ्रिनच मोजावें असा प्रघात पडत गेला, व २०१४ सालीं अमेरिकेंतील एंडोक्राइन सोसायटीनें तसा स्पष्ट निर्देश केला.

मग सर्वांचीच परीक्षा कां करूं नये?

कोणी म्हणेल, इतकी उत्तम परीक्षा आहे, तर रक्तदाबाच्या प्रत्येक रोग्यानें ती करून घ्यावी. येथें पुन्हां गणित आडवें येतें. रक्तदाबाच्या हजार रोग्यांत अशी गांठ दोन ते सहा जणांस असते. आपण पांच धरूं. ते पांचही सांपडतील. उरले ९९५. ज्यांस गांठ नाहीं अशा शंभरांपैकीं ८९ जणांसच ही परीक्षा 'नाहीं' असें बिनचूक सांगते. अकरांवर ती खोटा आळ घेते. म्हणजे ९९५ पैकीं सुमारें १०९ निर्दोषी माणसें. एकूण ११४ जणांचा निकाल 'आहे' असा येईल आणि त्यांत खरे पांच! बाकीचे शंभरांहून अधिक लोक झोंप गमावतील आणि यंत्रांतून फिरत राहतील. उलट, ज्यांना खरोखर झटके येतात, ज्यांचा दाब तीन तीन औषधांनीं उतरत नाहीं, ज्यांच्या अधिवृक्कावर दुसऱ्याच कारणानें काढलेल्या चित्रांत गांठ दिसली, किंवा ज्यांच्या घराण्यांत हा रोग आहे, अशांतच परीक्षा केली तर 'आहे' या उत्तरास वजन येतें. निकाल मर्यादेच्या तीनचार पट असेल तर संशय बहुधा खरा. किंचित् वर असेल तर घाबरून न जातां नीट रीतीनें पुन्हां मोजावें. परीक्षा कितीही सूक्ष्म असो, प्रश्न कोणास विचारला यावर उत्तराची किंमत ठरते. आम्हां मास्तरांस हें जन्मभर ठाऊक आहे.

घरानें करावयाचें काम

निकालाची अर्धी शुद्धता प्रयोगशाळेच्या हातीं, अर्धी घराच्या. रक्त द्यावयाचें असल्यास आदल्या रात्रीपासून उपाशी असावें. चहा, कॉफी, तंबाखू वर्ज्य. वीस ते तीस मिनिटें आडवें पडून मगच रक्त द्यावें. जिना चढून आल्याबरोबर किंवा बसून दिल्यास आंकडा उगाच वाढतो. घेतलेलें रक्त थंड ठेवावें लागतें. सर्दीचीं कांहीं औषधें, मानसिक विकारांवरचीं कांहीं औषधें व रक्तदाबाचीं कांहीं औषधें घोटाळा करितात. म्हणून घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, वैद्यांच्या पुड्यांसह, डॉक्टरांस दाखवावी. आपल्या मतानें कोणतेंही औषध बंद मात्र करूं नये.

लघवी सांठवावयाची असल्यास सकाळीं उठल्यावरची पहिली टाकून द्यावी व ती वेळ टिपून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक, शौचाच्या वेळची आणि रात्रींची देखील, बाटलींत घालावी. दुसऱ्या दिवशीं त्याच वेळेची घेऊन समाप्ति करावी. बाटलींत पुष्कळदां आरंभींच थोडें तीव्र अम्ल घातलेलें असतें. काताची गोष्ट आठवावी, म्हणजे तें कां घालतात हें कळेल. तें घाण समजून ओतून देऊं नये, अंगावर उडूं देऊं नये व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. बाटली थंड जागीं ठेवावी.

आमच्या घरीं चूक झाली ती येथेंच. एका तरुण डॉक्टरांनीं आमच्या भावजयींची हकीकत प्रथमच शांतपणें ऐकली व बाटली लिहून दिली. घरांत माणसें चौदा, न्हाणीघर एक. मोठी बाटली सर्वांदेखत हातीं धरून जावयाची त्यांस लाज वाटली, आणि दिवसाची बरीचशी लघवी त्यांनीं न सांठवितां टाकून दिली. आंकडा मर्यादेच्या आंत आला. घरांत आनंद झाला, आणि आमचें व्याख्यान खरें ठरल्याचें समाधान आम्हांसही वाटलें, हें कबूल करावयास हवें. परंतु त्या डॉक्टरांनीं कागदावरच्या दुसऱ्या आंकड्याकडे बोट केलें. लघवींत क्रिएटिनिन नांवाचें एक द्रव्य दिवसाकांठीं जवळजवळ ठराविक प्रमाणांत जातें. "एवढ्या बांध्याच्या बाईंच्या मानानें हें निम्मेंच आहे," ते म्हणाले. "ही बाटली चोवीस तासांची नाहीं."

दुसऱ्या वेळीं आमच्या कुटुंबानें सर्व व्यवस्था आपल्याकडे घेतली, आणि पुरुषमंडळींस एक दिवस शेजारच्या घरीं स्नानास पाठविलें. या वेळीं नॉरमेटॅनेफ्रिन मर्यादेच्या पांच पट निघालें. चित्रांत उजव्या बाजूस लिंबाएवढी गांठ दिसली. दोन आठवडे औषधांनीं रक्तवाहिन्या सैल करून, मीठपाणी वाढवून, मग शस्त्रक्रिया झाली. आधल्याच वर्षीं त्यांच्या पित्ताशयांतील खड्यांसाठीं शस्त्रक्रिया ठरली होती, आणि चातुर्मासाचीं व्रतें आडवीं आलीं म्हणून ती पुढें ढकलली गेली होती. ती त्या वेळीं, गांठ माहीत नसतांना, झाली असती तर काय झालें असतें, हें डॉक्टरांनीं आम्हांस सांगितलें तेव्हां आम्हीं मान खालीं घातली.

एक गोष्ट एकत्र कुटुंबांनीं विशेष ध्यानीं ठेवावी. अशा रोग्यांपैकीं निदान एक तृतीयांशांत दोष वंशागत असतो. फ्रायबुर्गच्या त्या मुलीच्या नातेवाईकांचा शोध घेऊन २००७ सालीं संशोधकांनीं तपास केला, तेव्हां आज हयात असलेल्या चौघांत रोगाचें वंशबीज सांपडलें. सव्वाशें वर्षांपूर्वींच्या दुःखाचा अर्थ तेव्हां कळला. म्हणून एकास गांठ निघाली तर रक्ताच्या नात्यांतील इतरांनीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आमच्या पुतण्यांचा तपास झाला. त्यांच्यांत तसें कांहीं निघालें नाहीं.

तेव्हां प्रश्न विचारणाऱ्या भगिनीस आमचें सांगणें इतकेंच : जाऊबाईंची बाटली आपण स्वतः सांभाळावी, आणि हंसणाऱ्यांस हें टिपण वाचून दाखवावें. निकाल 'नाहीं' असा आला तरी बिघडलें नाहीं. अशा झटक्यांचीं कारणें इतरही पुष्कळ आहेत, आणि गांठ नाहीं म्हणजे दुखणें खोटें असें होत नाहीं. आमच्या भावजय आज पूर्ववत् देवघरांत फुलें वाहतात. आतां छाती धडधडली तर, त्या म्हणतात, ती जिन्यामुळेंच. आणि त्यांच्या बोलण्यावर आम्हीं पुन्हां व्याख्यान दिलेलें नाहीं.